रोजच्या जगण्यातील कृतज्ञता

गेल्या वर्षावासात आमच्या बार्शीच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आरोग्यावर बोलणे चालले होते. साठी ओलांडलेल्या एका आजींना मी विचारले, "आजी, तब्येत कशी आहे?" त्या हसून म्हणाल्या, "बाबासाहेबांमुळं पोरं शिकली, पोटाला मिळतंय, आनि काय पायजे? सगळं बरं हाय." सगळे पांगल्यावर मात्र त्यांनी हळूच सांगितले की, पाळी जाऊन बारा वर्षे झाली तरी चार महिन्यांपासून अंगावरून रक्त जात आहे. "एवढं चांगलं चाललंय, त्यात रडगानं कशाला, म्हनून कुनाला बोलले न्हाई."

आजींचे पहिले बोलणे कृतज्ञतेचे होते आणि ते खरे होते. पण त्याच समाधानाखाली त्यांनी दुखणे झाकले होते. कृतज्ञता आरोग्याला बळ देते, पण ती नीट समजून घेतली तरच. म्हणून हा पाठ.

कृतज्ञता म्हणजे काय?

पाली भाषेत तिला 'कतञ्ञुता' म्हणतात. 'कत' म्हणजे केलेले. ते जाणणे म्हणजे कतञ्ञुता. मंगलसुत्तात सांगितलेल्या मंगलांमध्ये तिची गणना आहे. तिची जोडीदार 'कतवेदिता', म्हणजे जाणलेले बोलून किंवा कृतीने व्यक्त करणे. पायऱ्या दोनच: कोणी आपल्यासाठी काय केले ते पाहायचे आणि ते त्या माणसाला कळू द्यायचे.

'उपकार' या शब्दाची मात्र आपल्या समाजाला धास्ती आहे आणि तिला कारणही आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना गावकीची कामे करून वर शिळ्या भाकरीसाठी 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. राबायचे यांनी आणि उपकार मानायचे देणाऱ्याचे, असा तो उलटा हिशेब होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाणी प्यायलो ते मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्काने. तसेच मजुरी, रेशन, शिष्यवृत्ती, सरकारी दवाखान्यातला उपचार हे हक्क आहेत. त्यासाठी कोणापुढे मान तुकवण्याचे कारण नाही. पण रात्री दोनदा उठून आपली सलाईन पाहणाऱ्या सिस्टरला "ताई, तुम्ही होता म्हणून धीर आला" असे सांगणे ही कृतज्ञता. हक्क मागताना आवाज चढा असू शकतो, माणसाचे ऋण मानताना तो मऊ असतो. एकाच माणसाला दोन्ही जमायला हवे.

बाबासाहेबांना दोन्ही जमत होते. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केले, तर 'हू वेअर द शूद्राज' महात्मा फुल्यांना. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या आजारपणाविषयीही लिहिले. लेखनाच्या पाच वर्षांत प्रकृती अनेकदा ढासळली. त्यातून आपण तगलो ते पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे त्यांनी नोंदवले. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा हा मजकूर त्यात नव्हता. तो पुढे प्रकाशात आला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, बाबासाहेबांनी आजार लपवला नाही आणि आभार मानताना नेमके कोणी आणि नेमके काय केले ते सांगितले.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना दर आठवड्याला कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना त्रासाच्या गोष्टी. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाला आयुष्याविषयी अधिक बरे वाटत होते आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. स्नायू व नसांचा आजार असलेल्या रुग्णांनी २१ दिवस रोज अशी नोंद केली, तेव्हा त्यांची झोपही सुधारली. पुढच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला. म्हणजे हे रामबाण औषध नाही. पण खर्च शून्य आणि फायदा थोडा तरी, असा हा सराव आहे.

घरी कसे करावे?

१. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन गोष्टी वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे 'कोणामुळे' हे लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडाला सांगा.

२. आठवड्यातून एकदा, एका माणसाला, तोंडावर सांगा. घरच्या माणसाला 'थँक्यू' म्हणणे आपल्याला अवघड वाटते. मग कामच बोलून दाखवा: "तू पहाटे उठून डबा केलास, म्हणून माझी गाडी चुकली नाही."

३. सकाळी गटार साफ करणारा सफाई कामगार दिसला तर त्याला पाणी विचारा. त्याला हातमोजे आणि वेळेवर पगार मिळावा म्हणून बोलणे, हीसुद्धा कतवेदिताच.

४. त्याच वहीत शेवटची ओळ शरीरासाठी ठेवा: 'आज काय दुखले?' काही क्षण शांत बसून श्वासाकडे लक्ष द्या आणि खरे लिहा.

हे करू नका

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "घर तरी आहे, समाधान मान" असे सांगू नका. घरात मृत्यू झालेल्याला चांगल्या गोष्टी मोजायला लावू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर वही पुरेशी नाही. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

ज्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत

आपल्या बार्शीत १९८७ मध्ये ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत. त्यानंतर स्त्रियांमधील गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले. पुढे १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदा झाली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी मोहीम न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. २००९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले.

खुरपे बाजूला ठेवून तपासणीला आलेल्या त्या बाया कोण होत्या, आपल्याला माहीत नाही. त्यांचे आभार मानायचा मार्ग एकच आहे: तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बहिणीने तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त गेले, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर एक दिवसही अंगावर काढू नये.

आजींची तपासणी झाली, उपचार सुरू आहेत. सून दर खेपेला सोबत जाते. परवा विहारात आजी सर्वांसमोर म्हणाल्या, "ही माझी सून. हिनं मला दवाखान्यात नेलं." आणि मग, कोणी न विचारताच, आपल्याला काय होत होते तेही त्यांनी बायांना सांगितले.