ताई ची : विद्यार्थ्यासाठी तत्त्वे व आचरण

संथ हालचालींमुळे ताई ची हा केवळ व्यायाम वाटतो. मुळात ती युद्धविद्या आहे. सतराव्या शतकात चीनच्या हेनान प्रांतातील चेनजियागोऊ गावी, चेन घराण्यात तिची परंपरा सुरू झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान यांनी ती चेन घराण्याकडून आत्मसात केली व पुढे बीजिंगमध्ये शिकवली. त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी साधकांसाठी दहा मूलसूत्रे सांगितली. २०२० साली युनेस्कोने या विद्येस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

त्या सूत्रांपैकी काही आपण पाहू. मस्तक वरून धाग्याने टांगल्यासारखे सरळ असावे, मात्र मान ताठ नसावी. खांदे व कोपरे खाली सोडावीत. कंबर सैल ठेवावी. हालचालीला दिशा कंबर देते, हात तिच्यामागून येतात. ज्या पायावर भार आहे तो 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. हा भेद न कळल्यास पाऊल जड पडते व लहानशा धक्क्यानेही तोल जातो. हालचाल मध्येच तुटू नये. बळापेक्षा मनाने काम घ्यावे.

या तत्त्वांची कसोटी 'तुइशौ' या जोडीच्या सरावात लागते. दोघे समोरासमोर उभे राहून हातांचा स्पर्श राखतात आणि परस्परांचा तोल अजमावतात. समोरून जोर आला की तो जोराने अडवायचा नाही आणि हातही काढून घ्यायचा नाही. कंबरेतून वळून त्या जोराला वाट द्यायची. नवशिका येथेच अडतो. हरण्याची भीती वाटताच त्याचे खांदे वर चढतात, श्वास रोखला जातो, आणि असे ताठरलेले शरीर सहज ढकलले जाते. जिंकण्याची हाव हा स्वभावाचा दोष खराच; येथे तो तंत्राचाही दोष ठरतो. म्हणूनच विसाव्या शतकातील गुरू झेंग मानछिंग यांचा आग्रह असे की, शिष्याने आधी हार पत्करण्यास शिकावे.

विद्यार्थ्याचे आचरण यातूनच ठरते. सरावापूर्वी उजवी मूठ डाव्या तळव्याने झाकून जोडीदारास वंदन करावे. जोडीदार अशक्त असल्यास त्याला पेलेल इतकाच जोर लावावा. गुडघा पायाच्या बोटांपुढे नेऊ नये. वेदना झाल्यास लपवू नये. अनेक क्रम घाईने पाठ करण्यापेक्षा एकच क्रम रोज, नेमाने करावा. शिकलेल्या डावाचा धाक कोणालाही दाखवू नये.

निवासी शाळेत थोरली-धाकटी, सशक्त-अशक्त मुले रात्रंदिवस एकत्र राहतात. अंगी आलेले बळ कोठे वळते, ही पालकांची चिंता रास्त आहे. मुलाने किती डाव शिकले, याची चौकशी आपण नंतर करू. आपल्याहून दुबळ्या मुलाचा धक्का लागल्यावर तो कसा वागतो, ते आधी पाहू. त्याची विद्या किती मुरली, हे तेथेच कळेल.