कागद नसले तर कॉलेज कसे?



बारावीचे वर्ष आले की अल मजाजमधल्या आपल्या घराघरांत एकच विषय असतो: पुढे काय? बहुतेक घरी प्रश्न गुणांचा आणि फीचा असतो. काही घरांत मात्र त्याआधीचा एक प्रश्न असतो आणि तो कोणी मोठ्याने विचारत नाही. बाबांची नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला, नवा काढायचे राहिले, दंड वाढत गेला. कुठे तर मुलाच्या जन्माचीच नोंद झालेली नाही. अशा मुलाने कॉलेजचा अर्ज कसा करायचा आणि पैसे कुठून आणायचे, हे या पाठात पाहू.

१. व्हिसा वेगळा, नागरिकत्व वेगळे

व्हिसा म्हणजे या देशात राहण्याची परवानगी. ती संपते आणि पुन्हा मिळूही शकते. नागरिकत्व म्हणजे आपण कोणत्या देशाचे. शारजात जन्म झाला म्हणून आपल्याला अमिरातीचे नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा बाबा भारतीय असतील तर मुलाला भारताचे नागरिकत्व मिळते. पण ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते. वर्ष उलटले असेल तर भारत सरकारच्या परवानगीने नोंद होऊ शकते. म्हणजे उशीर झाला तरी दार बंद होत नाही.

हा फरक का महत्त्वाचा? अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे लहानपणी कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलांना १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शाळा मिळाली, पण कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदत मिळत नाही. टेक्सास राज्याने २००१ मध्ये त्यांना स्थानिकांइतकी फी लावली. ती सवलत जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबली. आपली गोष्ट निराळी आहे. इथला व्हिसा संपला तरी ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्याला भारतातल्या कॉलेजात अर्ज करता येतो. भारतात शिकायला अमिरातीचा व्हिसा लागत नाही.

२. आधी काय, मग काय

कागदांची साखळी असते. पहिली कडी जन्मदाखला, दुसरी वकिलातीतली नोंद, तिसरी पासपोर्ट, चौथी शाळेचे दाखले. एक कडी नसेल तर पुढची जोडता येत नाही. म्हणून सुरुवात पहिल्यापासून करावी, आणि बारावीला नव्हे तर नववी-दहावीलाच. फी थकल्यामुळे शाळेचा दाखला अडला असेल तर हप्ते मागणारा अर्ज लेखी द्यावा.

मुदत संपल्यावर राहण्याचा दंड दिवसाला ५० दिरहम आहे. वर्षाचे झाले १८,२५०. घरात चार माणसे असतील तर ७३,०००! गप्प बसल्याने हा आकडा कमी होत नाही. अमिरातीने २०१८ मध्ये आणि पुन्हा १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात माफी दिली होती. तेव्हा दंड न भरता कागद सुधारता आले किंवा देश सोडता आला. पण माफी दरवर्षी येत नाही. तिची वाट पाहत वर्षे घालवू नयेत. अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय वकिलातींकडे कल्याण निधी आहे. त्यातून गरजूंना कायद्याचा सल्ला आणि परतीचे तिकीट मिळू शकते. वकिलात आपल्याच देशाचे कार्यालय आहे, तिथे जायला भिऊ नये. भ्यायचे ते "कागद करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला. खोटा दाखला नसलेल्या दाखल्यापेक्षा वाईट.

मधली वर्षे शाळाच बुडाली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतून १४ वर्षे पूर्ण झालेल्याला दहावीला आणि १५ वर्षे पूर्ण झालेल्याला बारावीला बसता येते.

३. जागा आणि पैसे

(अ) आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एनआयटीसारख्या संस्थांत वेगळ्या जागा असतात. तिथे शिकवणी फी भारतातल्या मुलांइतकीच पडते. पण पालक इथे नोकरीला असल्याचा पुरावा लागतो. व्हिसा वेळेत नीट करण्याचे हे मोठे कारण.

(आ) परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी भारत सरकारने २००६-०७ पासून शिष्यवृत्ती सुरू केली. तिची मर्यादा वर्षाला ४,००० डॉलर. या वर्षी अर्ज खुले आहेत का, ते वकिलातीत विचारावे.

(इ) नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते.

(ई) महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी माफ आहे. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत हवे, शिवाय महाराष्ट्राचा अधिवास हवा. गावी कोणी जाणार असेल तर तहसील कार्यालयातल्या दाखल्यांची चौकशी आताच सांगून ठेवा.

नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

ज्याच्या घरी ही अडचण आहे, त्याने वर्गात सांगितलेच पाहिजे असे नाही. आणि वर्गमित्राची अडचण कळली तर ती दुसऱ्याला सांगू नये. कागद नसणे हा मुलाचा अपराध नव्हे. पालकांना बोलायचे असेल तर वर्ग सुटल्यावर आम्ही थांबतो. अर्ज लिहायला आणि यादी करायला मदत करू.

शब्दार्थ
वकिलात – परदेशातले आपल्या सरकारचे कार्यालय
अधिवास – एखाद्या राज्याचे कायम रहिवासी असणे
तारण – कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू
जामीनदार – दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेणारा

स्वाध्याय
१. व्हिसा आणि नागरिकत्व यांतला फरक चार ओळींत लिहा.
२. तीन माणसांचा दोन महिन्यांचा (६० दिवस) दंड किती होईल?
३. फीचे हप्ते पाडून मिळावेत म्हणून मुख्याध्यापकांना विनंती अर्ज लिहा.
४. आईबाबांबरोबर घरातली कागदांची फाइल उघडा. प्रत्येक कागदाची मुदत वहीत लिहा आणि दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा.