नाव व्हिएन्नाचे, हुन्नर कोपनहेगनचा

धंद्यात नाव कसे होते, याचा धडा आज आम्ही एका गोड पदार्थावरून घेत आहोत. पदार्थ आहे डॅनिश पेस्ट्री आणि शहर आहे लंडन.

लंडनच्या सुपरमार्केटात ‘डॅनिश’ नावाने पाकिटातला माल सहज मिळतो. तो बहुधा चिवट असतो आणि साखरेने माखलेला. खरा माल हवा असेल तर ताजी भट्टी शोधावी. ‘ओले अँड स्टीन’ची दुकाने तेथे आहेत. ओले आणि स्टीन हे डेन्मार्कचे दोन बेकरीवाले. आपापला धंदा वेगळा न ठेवता २००८ मध्ये ते एक झाले. त्यांची दालचिनीची लांब पेस्ट्री कापून वाटून खाण्यासाठीच असते. रीजंट्स पार्कजवळच्या डॅनिश चर्चमध्ये नाताळापूर्वी बाजार भरतो, तेथेही डेन्मार्कची चव आणि चालीरीती भेटतात. आपल्या बंधूंनी मात्र खाण्यापूर्वी लोण्याऐवजी चरबी आहे का, क्रीममध्ये जिलेटीन वा मद्य आहे का, हे विचारून घ्यावे.

आता गंमत पाहा. डेन लोक या पदार्थाला डॅनिश म्हणत नाहीत. ते ‘वीनरब्रोड’ म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाचा पाव! १८५० मध्ये कोपनहेगनच्या बेकरी कामगारांनी संप केला. मालकांनी बाहेरून कारागीर आणले, त्यांत ऑस्ट्रियाचे लोक होते. थरांचे हे काम त्यांनी आणले. संप मिटल्यावर जुने कारागीर परतले. परक्यांनी आपल्या पोटावर पाय दिला म्हणून त्यांचे काम त्यांनी टाकून दिले नाही. ते शिकून घेतले, त्यात अंडी आणि लोणी वाढवले. आज व्हिएन्नात याच जातीच्या पेस्ट्रीला कोपनहेगनचे नाव आहे.

काम कसे चालते? मैदा, दूध, अंडी, साखर आणि यीस्ट यांचे पीठ मळतात. पुष्कळ ठिकाणी वेलचीही घालतात. पीठ लाटून त्यात थंड लोण्याची वडी गुंडाळतात, मग लाटून तीन पदरी घडी घालतात. असे तीन वेळा केले की लोण्याचे २७ थर होतात. दर घडीनंतर पीठ अर्धा तास थंडीत ठेवावे लागते. भट्टीत पाण्याची वाफ होऊन थर सुटतात. लोणी आधीच वितळले तर थर चिकटतात आणि सारी मेहनत वाया जाते.

खारी करणाऱ्या आपल्या कारागिरांना घडीचे काम नवे नाही. यीस्टचे पीठ आणि थंडावा एवढेच सांभाळावे लागेल. लोणी महाग पडते हे खरे. पण वनस्पती तूप घालून ‘बटर’ची पाटी लावू नये. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा येत नाही.

ज्याने आधी शोधले त्याचेच नाव राहते असे नाही. रोज चोख माल देणाऱ्याचे राहते.