मातीखालचे आसन

माढा हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. या तालुक्यातून सीना नदी वाहते. येथील काळी माती शेतकऱ्याला ज्वारी देते आणि बैलांचा सण जवळ आला, की मुलांच्या हातांना कामही देते. माती मळून, शिंगे-वशिंड साधून मुले मोठ्या हौसेने बैल घडवितात. परंतु दुसऱ्या दिवशी तो उचलू जावे, तर बैल हाती येतो आणि खूर फरशीलाच चिकटून राहतात! अशा वेळी मुले मातीला दोष देतात. खरा दोष पुष्कळदा तिच्या आसनाचा असतो.

ओल्या मातीतील पाणी उडून गेले, की ती आक्रसते. काळी माती तर फारच आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा याचीच साक्ष देतात. काच किंवा घोटून गुळगुळीत केलेली शहाबादी फरशी पाणी फारसे शोषीत नाही. त्यामुळे वस्तूचा वरचा भाग वाळून आक्रसू लागतो, तर खालचा ओला भाग फरशीला जखडलेला राहतो. या ओढाताणीत वस्तू तडकते.

याउलट, रंग अथवा रोगण न दिलेला लाकडी पाट थोडे पाणी शोषून घेतो व माती सहज सोडतो. मात्र तो जाड असावा. पातळ फळी भिजली म्हणजे वाकते. पाटावर मांजरपाट ताणून बसविला, तर माती लाटण्यास तो फारच सोयीचा होतो. गोणपाटही चालतो; पण त्याची वीण मातीवर उमटते. नक्षी हवी असेल तेव्हा ती शोभते, एरवी नाही. वर्तमानपत्राचा कागद मळण्याच्या उपयोगाचा नाही, कारण तो भिजून फाटतो. तयार वस्तू वाळत ठेवताना मात्र तो हितकारक ठरतो. माती आक्रसते तसा तोही तिच्याबरोबर सरकतो.

कुंभारांना हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. माती चिकटू नये म्हणून ते राख भुरभुरतात. राखेचा कोरडा थर माती आणि आसन यांना एकजीव होऊ देत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. तेथे सापडलेल्या भाजलेल्या मातीच्या प्राचीन मूर्ती आजही तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. या परिसरात मातीची कला किती जुनी आहे, हे त्यांवरून कळते.

तेव्हा माती निवडताना जेवढी काळजी घ्यावी, तेवढीच आसन निवडतानाही घ्यावी. काम चालू असता जे मातीला आधार देते आणि काम संपताच तिला मोकळे सोडते, तेच चांगले आसन होय.

करून पाहा : एकाच मातीच्या तीन सारख्या चकत्या करा. एक फरशीवर, एक लाकडी पाटावर व एक राख पसरलेल्या पाटावर सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी कोणती सहज सुटते आणि कोणती तडकते, ते वहीत लिहा.