दुकानांतील पाळ्यांचें वेळापत्रक

घंटा झाली कीं कोणत्या वर्गावर कोणत्या शिक्षकानें जावयाचें, हें शाळेच्या भिंतीवरील वेळापत्रक सांगतें. तें नसतें तर एका वर्गांत दोघे शिक्षक जाते आणि दुसऱ्या वर्गांत गोंगाट माजता. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं लहानसें दुकान, खानावळ किंवा बेकरी असते. कित्येकांचे वडील वा आई अशा ठिकाणीं नोकरीस असतात. तेथेंही असेंच वेळापत्रक लागतें. तें कसें करावें, याचा एका उदाहरणानें विचार करूं.

एक बेकरी आठवड्याचे सातही दिवस चालते अशी कल्पना करा. पहांटे ४ पासून दुपारीं १२ पर्यंत भट्टीवर दोन माणसें हवींत. विक्रीसाठीं सकाळीं ७ ते दुपारीं २ एक माणूस व दुपारीं २ ते रात्रीं ९ दुसरा. म्हणजे दिवसाच्या पाळ्या ४ व आठवड्याच्या २८. "पाळ्या चार, म्हणून माणसें चार" असा हिशेब मालक चटकन करतो. कागदावर तो चुकत नाहीं. पण त्यांत प्रत्येक माणूस सातही दिवस राबतो, आणि एकजण तापानें पडला कीं सारें काम अडतें.

आतां हाच हिशेब दुसऱ्या बाजूनें मांडा. एका माणसानें आठवड्यांत सहाच पाळ्या कराव्या, असें प्रथम ठरवा. २८ ला ६ नीं भागिलें असतां ४ येऊन ४ उरतात. अर्थात् माणसें पांच लागतात. पांच जणांच्या पाळ्या ३० होतात. त्यांपैकीं २८ कामाच्या व २ शिल्लक. भट्टीवरील दोघे व विक्रीवरील दोघे यांच्या सुटीच्या चार दिवशीं पांचव्यानें त्यांच्या जागीं उभें राहावें. यासाठीं त्याला दोन्ही कामें शिकविलीं पाहिजेत. शिल्लक दोन पाळ्या शनिवारीं व बाजाराच्या दिवशीं ठेवाव्या, म्हणजे गर्दीच्या वेळीं पांचही जण हजर असतील. सातवा दिवस पांचव्याच्या स्वतःच्या सुटीचा.

पांचव्या माणसाचा पगार लहान मालकाला जड वाटतो, हें खरें. त्यालाही मार्ग आहे. आठवड्यांतून एक दिवस दुकान बंद ठेवावें. मग पाळ्या २४ होतात व चार माणसें बरोबर पुरतात. एक पगार तरी वाढवावा, नाहीं तर एका दिवसाची विक्री तरी सोडावी. तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या विसाव्यावर आपला नफा उभारणें होय.

माणसांची संख्या ठरली कीं तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली, रविवारची सुटी आळीपाळीनें द्यावी. त्या दिवशीं मुलांची शाळा बंद असते व प्रत्येक बापाला मुलें हवींच असतात. उपासनेची सोय पाळी बदलूनही होते. विक्रीवरील ख्रिस्ती कामकऱ्यास रविवारीं दुपारची पाळी दिली तर सकाळची उपासना साधते. भट्टीवरील मुसलमान कामकरी १२ वाजतां मोकळा झाला कीं शुक्रवारच्या नमाजास जाऊं शकतो. दुसरी, दोन पाळ्यांमधील अंतर पाहावें. रात्रीं ९ ला सुटलेल्या माणसास पहांटे ४ ला भट्टीवर बोलाविलें तर मध्यें सातच तास राहतात. जाणें-येणें व जेवण वजा जातां झोप ती कितीशी? युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशांत रोज सलग ११ तासांची विश्रांति सांगितली आहे, ती याचसाठीं. तिसरी, वेळापत्रक निदान आठवडाभर आधीं सर्वांना दिसेल असें लावावें, आणि ज्याची पाळी बदलावयाची त्याला विचारल्यावांचून त्यांत फेरफार करूं नये.

साप्ताहिक सुटी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. मुंबईच्या गिरणीकामगारांना १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्यांना संघटित केल्यामुळें. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९२१ सालीं उद्योगधंद्यांतील कामगारांसाठीं सात दिवसांत सलग २४ तास विसाव्याचा करार केला, व हिंदुस्थानानें तो १९२३ सालीं मान्य केला. त्याच्याही फार पूर्वीं मोशेच्या नियमशास्त्रांतील शब्बाथाच्या आज्ञेनें धन्याबरोबर दास, दासी, गुरेंढोरें व वेशींत राहणारा परका यांनाही विसावा दिला होता. धन्यानें स्वतः विश्रांति घेतली म्हणजे ती आज्ञा अर्धीच पाळली गेली.

आतां एक उदाहरण घरीं सोडवा, आणि वडील माणसांना दाखवा. औषधांच्या एका दुकानांत रोज ३ पाळ्या आहेत व तें सातही दिवस उघडें असतें. माणसें किती लागतील, व पाळ्या किती शिल्लक राहतील? उत्तर काढतांना सुटीचा रकाना मात्र आधीं भरावा.