चुंबक, पाणी आणि रोगनिदान

नांदेड, देगलूर, उदगीर या परिसरातील रुग्णांनी अवघड दुखण्याच्या निदानासाठी हैदराबादची वाट धरावी, ही जुनी वहिवाट आहे. तेथे ‘एमआरआय काढून आणा’ असे सांगण्यात आले की पुष्कळांना तो क्ष-किरणांचाच एक प्रकार वाटतो. वस्तुतः या यंत्रात क्ष-किरण मुळीच नसतात. येथे काम करतात ते चुंबक, रेडिओलहरी आणि आपल्या शरीरातील पाणी.

पाण्यात हायड्रोजन असतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याची अणुकेंद्रे ठराविक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख यांनी पाण्यावर व एडवर्ड पर्सेल यांनी मेणावर प्रयोग करून, परस्परांपासून स्वतंत्रपणे, हे दाखवून दिले. या विद्येत भारतीयांचा वाटा आरंभापासूनचा आहे. तो फारसा सांगितला जात नाही, एवढेच. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एस. एस. धर्मट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या संशोधनाचा पाया घातला. बंगळूर येथे जी. सूर्यन यांनी १९५१ मध्ये वाहत्या द्रवांवर प्रयोग केले. रक्तप्रवाह मोजण्याच्या पुढील पद्धतींचे बीज त्यांत होते.

रोगनिदानाकडे हे तंत्र वळले ते १९७१ मध्ये. उंदरांतील कर्कग्रंथींचा प्रतिसाद निरोगी पेशीजालाहून निराळा येतो, असे रेमंड डॅमेडियन यांना आढळले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या नळ्यांचे चित्र मिळविले. १९७७ मध्ये डॅमेडियन यांनी मानवी छातीचे चित्र घेतले, तेव्हा सुमारे पाच तास लागले. पीटर मॅन्सफील्ड यांच्या गणिती पद्धतींमुळे हा वेळ पुढे कमी झाला. २००३ चे नोबेल पारितोषिक लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना मिळाले. डॅमेडियन वगळले गेले, हे अनेकांना रुचले नाही. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आज याच तंत्राने उंदरांच्या मेंदूतील रासायनिक घडामोडी अभ्यासल्या जातात.

रुग्णालयातील दीड टेस्ला शक्तीचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ असते, आणि तपासणी चालू नसतानाही ते जागेच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत शिरलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मृत्यू पावला. म्हणून नाणी, किल्ल्या, दागिने, घड्याळ बाहेर ठेवावे. शरीरात हृदयगतिनियंत्रक, धातूची पट्टी किंवा डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला असल्यास ते दाराबाहेरच तंत्रज्ञास सांगावे.