डोक्यातले ओझे

डोक्यावर रेतीचे घमेले असले की ओझे दिसते, मुकादमालाही दिसते. डोक्याच्या आतले ओझे मात्र कुणाला दिसत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईला प्रत्येक घरची वेळ, नळाला पाणी कधी येणार, बचत गटाचा हप्ता, मुलाची फी आणि सासूबाईंची बीपीची गोळी हे सगळे एकदम सांभाळायचे असते. एखाद्या दिवशी गोळी राहून जाते आणि घरचे म्हणतात, "लक्ष कुठं असतं तुझं?"

लक्ष असते, पण ते आधीच वाटून संपलेले असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. वैमानिकालाही हीच मर्यादा असते. म्हणून तो कितीही अनुभवी असला तरी उड्डाणाआधी यादी वाचून एकेक गोष्ट तपासतो, आणि त्याला कुणी विसराळू म्हणत नाही!

पैशाची चिंता हे यातले सर्वात जड ओझे. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. ऊसतोडीआधी हात तंगीत असताना आणि तोडीनंतर पैसे आल्यावर, त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी घातली. तंगीच्या काळात त्यांना ती कमी सुटली. माणूस तोच, बुद्धी तीच. कर्जाच्या विचाराने तिची बरीच जागा अडवली होती. "या लोकांना डोकंच नाही" असे आपल्याबद्दल सहज बोलणाऱ्यांना हे ऐकवायला हवे.

झोपेचेही असेच. १७ तास सलग जागा असलेला माणूस, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसासारखा चुकू लागतो. आपल्याकडे वाहनचालकाला कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे दारूला न शिवणारा रिक्षावालाही डबल ड्युटीनंतर धोक्यात असतो.

मग करायचे काय? जे लिहून ठेवता येते ते डोक्यात ठेवू नका. हप्ता, लसीची तारीख, सिलिंडरचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. गोळ्या सात खणांच्या डबीत भरा. आजची घेतली की नाही ते खण बघून कळते. कुणी पैसे मोजत असेल किंवा बाळाचे औषध मापत असेल तर मध्येच हाक मारू नका. मुलगा अभ्यासाला बसला की टीव्ही बंद, आपली मालिकासुद्धा. आणि भावांनो, "सांग, काय आणू?" एवढ्याने ओझे अर्धेच उतरते. रेशन संपत आले हे लक्षात ठेवण्याचे कामही आपल्याकडे घ्या.

विसरणे अचानक वाढले, किंवा सोबत सतत थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. रक्त कमी असणे, थायरॉइड यामुळेही असे होते. झोप उडाली, मन उदास राहू लागले, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.